सोलर पॅनेलखाली आले-हळद: उंची, अंतर आणि पाण्याची धार

प्रश्न | बांधावरचा_सातारा
५ एचपी सौर पंपाचे ५४० वॅटचे ९ पॅनेल आहेत. त्यांच्या सावलीत आलं होईल का? पुढे २० गुंठ्यांवर उंच सांगाडा करून खाली हळद घ्यायची, तर उंची आणि ओळींतलं अंतर किती धरावं? जमीन मध्यम काळी, ठिबक आहे.

उत्तर | लोखंड_आणि_माती
९ पॅनेलची सावली जेमतेम २३ चौरस मीटर, पाव गुंठाही नाही. तिथे उन्हाळी कोथिंबीर टाका, नाहीतर रोपांचे ट्रे ठेवा. आल्याचा नाद नको.

२० गुंठ्यांचं गणित वेगळं. पॅनेलची लांबी साधारण २.२८ मीटर. दक्षिणेकडे १८ अंश कल दिला की खालचा २.१७ मीटरचा पट्टा झाकला जातो. ओळ ते ओळ ७ मीटर ठेवा, म्हणजे ३१ टक्के झाकण होतं. हळदीला याहून दाट सावली झाली तर पाला माजतो आणि गड्डे पोसत नाहीत. खालची कड जमिनीपासून २.५ मीटर, वरची आपोआप ३.२ वर जाते. मिनी ट्रॅक्टर आरामात फिरतो.

आता मुख्य गोष्ट. सावली जागेवर राहत नाही. मेच्या मध्यात भर दुपारी ती बरोबर पॅनेलखाली असते, तर डिसेंबरात पूर्णपणे पॅनेलखालून निघून मधल्या मोकळ्या पट्ट्यात पडते. म्हणून मधल्या पट्ट्यात गहू-हरभरा घेतला की ऐन वाढीत तो मार खातो, आणि पॅनेलखालची मेथी-पालक मात्र थंडीत उन्हात असते. उत्तरेच्या बांधापासून वरची कड ३ मीटर आत घ्या, नाहीतर सावली शेजाऱ्याच्या रानात जाईल आणि वाद होईल.

उत्तर | ठिबकवाला
सावलीपेक्षा पाण्याची धार जास्त नुकसान करते. ५० मिमी पाऊस झाला तर खालच्या कडेच्या प्रत्येक मीटरला १०८ लिटर पाणी एकाच रेषेत कोसळतं. गादीवाफा त्या रेषेवर आला तर माती वाहून कंद उघडे पडतात, वर पाणी साचून कंदकूज लागते. उलट पॅनेलच्या बरोबर खाली पाऊस पोचतच नाही, त्यामुळे तिथली ठिबकची लाइन भर पावसाळ्यातही चालू ठेवावी लागते. वेगळा व्हॉल्व्ह द्या.

प्रश्नकर्ता
धारेला पन्हळ लावू की खाली चर काढू?

ठिबकवाला
चर. पन्हळीत पाला अडकतो, मोठ्या सरीत ती ओसंडते आणि वाऱ्यात हलून सुटते. धारेच्या रेषेवर दीड फूट रुंद, फूटभर खोल चर, त्यात खडी, वर उसाचं पाचट. चराला उतार देऊन पाणी शेततळ्याकडे काढा. लागवड चरापासून हातभर लांब.

उत्तर | तारजोडणी
दोन गोष्टी राहिल्या. डीसी केबल, म्हणजे पॅनेलची वीज खाली आणणारी तार, वाफ्यातून पुरू नका. रोटाव्हेटरनं कापली तर उन्हात कित्येकशे व्होल्टचा आर्क (सलग ठिणगी) पेटतो आणि तो सहज विझत नाही. खांबावरून पाइपात, डोक्याच्या वरून न्या. दुसरं, बोर्डो मिश्रणाची (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) फवारणी वारं पडल्यावर, नोझल खाली धरून करा. काचेवर बसलेला चुना वाळायच्या आत साध्या पाण्यानं धुवा. एकदा वाळला की घासून काढताना काचेवर ओरखडे पडतात.

उंच सांगाड्याला वळवाचं वारं खालून उचलतं. काळ्या मातीत पाया भेगांच्या खोलीखाली गेलाच पाहिजे, तिथे काटकसर करू नका.