मदत हवी आहे: शोकेसमधल्या जुन्या खेळण्यांवरची धूळ कशी काढावी?

नमस्कार मंडळी. आम्ही नाशिकला मुंबई-आग्रा हायवेच्या कडेला राहतो. शोकेसला काचा आहेत, तरी फटींतून बारीक धूळ आत येतेच. आत बाबांच्या मॅचबॉक्स गाड्या, माझ्या हॉट व्हील्स आणि आजीने दिलेली सावंतवाडीची लाकडी फळं आहेत.

गाड्यांवर मी मेकअपचा मऊ, कोरडा ब्रश फिरवते. फडक्याने धूळ रंगावर घासली जाऊन चरे पडतात, म्हणून ते टाळते. पण चाकांमागे बसलेला थर ब्रशने निघत नाही. कोमट पाण्यात थेंबभर सौम्य साबण घालून इअरबडने पुसलं तर चालेल का? पाणी आत राहून चाकांची दांडी गंजेल, स्टिकर सुटतील, ही भीती आहे. कॅमेऱ्याचा रबरी ब्लोअर कोणी वापरलाय?

लाकडी फळांना पाणी लावणार नाहीच.

खरी काळजी एका मऊ पीव्हीसीच्या बाहुलीची आहे. आतला प्लास्टिसायझर (प्लास्टिक मऊ ठेवणारं रसायन) बाहेर येऊन ती चिकट झालीय, धूळ घट्ट बसते. स्पिरिटने रंग जाईल म्हणून लावलेलं नाही. अशी बाहुली कोणी साफ केली असेल तर कृपया नीट सांगा. आणि फटींना लावायची फोमची पट्टी मेन रोडला मिळेल का?