अनुभव धागा : आवडता मेटलकोअर बँड, आणि अजूनही तोच!

जुना_डेक
काल माळा आवरताना एक सीडी सापडली. वर माझ्याच अक्षरात मार्करने 'अथर्वशीर्ष व आरत्या'. आत किलस्विच एंगेज, म्हणजे मेटलकोअर (हेवी मेटल आणि हार्डकोअर पंक यांची खिचडी). 2005 ला हॉस्टेलच्या मित्राने राइट करून दिलेली, पप्पांनी फेकू नये म्हणून मी असं बारसं केलं. त्याच वर्षी गणपतीत आत्याने पहाटे ती डेकमध्ये घातली, आवाज फुल्ल. पुढचं काय सांगू, निरांजन विझलं.

बँड मॅसॅच्युसेट्समधल्या वेस्टफील्डचा, 1999 चा. मी ऐकायला लागलो तेव्हा गायक हॉवर्ड जोन्स. त्याच्या आधी जेसी लीच होता आणि तो 2002 मध्येच सोडून गेला, हे मला कितीतरी दिवसांनी सायबर कॅफेत कळलं. 2012 ला हॉवर्ड गेला, जेसी परत आला. मी रुसलो. 2013 चा अल्बम महिनाभर लावलाच नाही. मग एकदा नाशिकला सातपूरहून सेकंड शिफ्ट सुटल्यावर त्र्यंबक रोडने येताना ऐकला आणि आयटीआय सिग्नलच्या पुढे गाडी बाजूला घेऊन उभा राहिलो, पूर्ण होईपर्यंत. बायकोचे सहा मिस कॉल.

2019 च्या अल्बममध्ये दोघं एका गाण्यात एकत्र गायलेत. आमचे पप्पा आणि काका बांधावरून 2008 पासून बोलत नाहीत. ह्या दोघांना कसं जमलं हो?

लिहा तुमचं. बँड कुठलाही चालेल.

भट्टीवाला
शीर्षक वाचून आलो. अंबडला फौंड्रीत आहे. आमच्याकडे मेटल पण आहे, कोअर पण आहे (साच्यात बसवतात तो, वाळूचा). लिंक द्या, रात्रपाळीला ऐकतो.

जुना_डेक
व्यनि (खाजगी निरोप) केलाय. आधी आवाज कमी ठेवा.

तांबट_लेन
आईला सांगितलं होतं, मुंबईला चाललोय. कुठे? भयानक मौतला. तिने पोळपाट तिथेच ठेवला. 😂 मुंबईचा बँड आहे ग बाई, नावच तसं आहे! शेवटी मावशीकडे जातो म्हणून गेलो.
तिथे पहिल्यांदा मॉशपिट पाहिला, म्हणजे स्टेजपुढे लोक एकमेकांवर आदळत नाचतात तो. मित्र घाबरला, मी नाही. रंगपंचमीला रहाडीत (आमच्याकडचा रंगीत पाण्याचा हौद) धप्पा मारलेल्या माणसाला मॉशपिटचं काय कौतुक? पडला की चार जण उचलतात, सेम. फक्त रंग नाही आणि पाणी नाही.
येताना शेवटची कसारा लोकल, कसाऱ्याला टपरीवर बसून पहाट, मग शेअर टॅक्सीत मागच्या सीटवर टोमॅटोच्या क्रेटसोबत. मान तीन दिवस वळत नव्हती.

गोदाकाठची
रहाडीवरून आठवलं, यंदा शनी चौकाची उघडली होती का?

तांबट_लेन
ताई तो वेगळा धागा काढा, तिथे येतो 🙏

भट्टीवाला
ऐकलं. मध्येच सगळं थांबतं आणि मग धाडकन पडतं ते काय? शेजारच्या युनिटचा पॉवर प्रेस अगदी असाच आहे. ते आवडलं. ओरडणाऱ्याला पाणी द्या कोणीतरी.

ड्रॉप_सी
त्याला ब्रेकडाउन म्हणतात. गिटारची जाड तार ई वरून सी पर्यंत सैल सोडायची, बाकीच्या पण एकेक सूर खाली, म्हणजे खालचा जड कॉर्ड एका बोटात बसतो. बाकी नाशिक ढोलवाल्यांना हे शिकवायची गरज नाही. ताशा एकटा चालू ठेवायचा आणि मग चाळीस ढोल एकदम.
आणि किलस्विचचा अ‍ॅडम डी विसरू नका. आधी ड्रमर, नंतर गिटारवर आला, अल्बम पण तोच प्रोड्यूस करतो, वर स्टेजवर हाफ चड्डी. आमच्या मिरवणुकीत एक तरी असतोच असा.

सिडको_सहावी_स्कीम
मी ग्राउल (गाण्यातलं ते घोगरं गुरगुरणं) शिकायचो बाथरूममध्ये. शेजारच्या काकू ओवा घेऊन आल्या. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा डॉक्टरचं कार्डच आणलं. घसा बसला तो बसलाच, कारण मी नुसता घशाने ओरडत होतो. जोर पोटातून लागतो हे फार उशिरा कळलं. आता पोरीला 'वाघ कसा करतो' दाखवायला कामी येतं.

गोदाकाठची
😂😂 ओव्यात गूळ पण घालायचा, नुसता ओवा कोरडा पडतो.

पावसाळी
मी आर्किटेक्ट्सवाली. ब्रायटनचा बँड. त्यांचा गिटारिस्ट टॉम सर्ल 2016 च्या ऑगस्टमध्ये कॅन्सरने गेला, 28 वर्षांचा. ड्रमर डॅन त्याचा जुळा भाऊ. 2018 ला पुढचा अल्बम आला. तेव्हा आईच्या केमोच्या फेऱ्या चालू होत्या. वॉर्डबाहेर त्या लोखंडी बाकावर बसून मी एका कानात तो लावायचे, दुसरा कान नर्सच्या हाकेसाठी. समोरच्या आजोबांनी विचारलं, बेटा भजन का? मी हो म्हटलं.
आई गेली. अल्बम अजून एका कानानेच ऐकते, सवय झाली.

जुना_डेक
🙏

भट्टीवाला
ताई हा पण बँड पाठवा.

सिडको_सहावी_स्कीम
डेकराव, ती सीडी वाजते का अजून?

जुना_डेक
सीडी ड्राइव्ह कुठाय आता? लॅपटॉपला नाही, गाडीला नाही. डेक भंगारात गेला, आत्यानेच दिला.

ड्रॉप_सी
माझ्याकडे आहे. पाथर्डी फाट्याला या रविवारी. मिसळ तुमच्याकडून.

तांबट_लेन
मी पण येतो. आत्यांना आणा.

जुना_डेक
विचारतो. निरांजन घेऊन येतील.