केशवराव पुन्हा बांधलं म्हणजे कोल्हापूर कलानगरी झालं का?

रंकाळाकाठ: ८ ऑगस्ट २०२४ ला रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी गायकनट केशवरावांची जयंती होती. मग पुन्हा बांधायच्या घोषणा झाल्या, आणि त्या व्हायलाच हव्यात. माझं म्हणणं पुढचं आहे. इमारत उभी राहिली की आपण हात झटकणार का? शहराला सांस्कृतिक आराखडा हवा. कोण कुठं काय करतंय, तालमीला जागा कुठं आहे, भाडं किती, रात्री कलाकार घरी कसा जातो, हे सगळं विकास आराखड्यात यायला पाहिजे. पाठोपाठ युनेस्कोच्या सर्जनशील शहरांच्या यादीसाठी अर्ज करायचा. २०२३ मध्ये ग्वाल्हेर आणि कोझिकोड त्यात गेले, मग आपण का नाही?

खाष्ट_नारायण: म्हणजे सल्लागार नेमा, त्याला फी द्या, त्यानं रंगीत नकाशा दाखवायचा आणि आपण टाळ्या वाजवायच्या. गाण्याचा देवल क्लब १८८३ चा. सिनेमावाल्या बाबूराव पेंटरांनी कॅमेरा स्वतः घडवला. कुणाच्या आराखड्यात होतं हे? शाहू महाराजांनी १९१५ ला पॅलेस थिएटर उभं केलं, म्हणजे आपलं केशवरावच, तेव्हा त्यांनी कुठला सल्लागार बोलावला होता?

तालीम_सातला: नारायणराव, मुद्दा कळतो, पण आमची अवस्था ऐका. राज्य नाट्य स्पर्धेसाठी नाटक बसवतोय, हौशी संघ. एका शाळेचा वर्ग मिळालाय. रोज बाकं भिंतीला लावायची, जाताना परत रांगेत. साडेनऊ वाजले की शिपाईमामा दारात उभे राहून किल्ल्या वाजवतात. आमची मुख्य नटी कागलची. तिची गाडी चुकू नये म्हणून तिसरा अंक तिच्याविना बसवतो, तिची वाक्यं मी म्हणतो, मिशांसकट. आणि कोल्हापुरात ‘तालमीला जागा पाहिजे’ म्हटलं की समोरचा विचारतो, पैलवान किती?

मिरजेचा_सतारप्रेमी: युनेस्कोबद्दल जरा सबुरीनं. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, पेढे वाटले. पण भोपळा वाळवायचा, तासायचा, जवारी काढायची म्हणजे घोडी घासून तारेचा नाद खुलवायचा, हे शिकायला पोरगं दुकानात बसलं पाहिजे, आणि ते कागदानं बसत नाही. कोल्हापुरी चपलेला जीआय २०१९ चं. तरी २०२५ मध्ये प्राडाच्या मिलानमधल्या शोमध्ये तसलीच चप्पल चालली आणि कोल्हापूरचं नाव आरडाओरडा झाल्यावर घेतलं.

रंकाळाकाठ: सतारप्रेमी, नुसत्या बिल्ल्यानं काम होत नाही हे तुमचं बरोबर. युनेस्कोच्या यादीतला सिनेमाचा मान २०१९ मध्येच मुंबईला गेलाय, आणि कोझिकोडला साहित्याचा मिळाला कारण तिथं गल्लोगल्ली वाचनालयं आधीपासून चालतात. अर्जाचा मुद्दा मागं घेतो. पण नारायणराव, महाराजांचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. थिएटर आणि कुस्तीचं खासबाग मैदान एकमेकाला चिकटून, गावाच्या मधोमध, चालत जाता येईल असं. कुस्तीचा आणि नाटकाचा प्रेक्षक एकाच रस्त्यानं येतो. हा आराखडा नाही तर काय?

खाष्ट_नारायण: तो राजा होता. मनात आलं, केलं. आज जयप्रभा स्टुडिओ बघा. १९४८ ला जाळला, दिग्दर्शक भालजी पेंढारकरांनी पुन्हा उभा केला. हेरिटेज यादीत नाव असूनही २०२२ मध्ये तो वाचवायला कलावंतांना उपोषणाला बसावं लागलं. मोरेवाडीची चित्रनगरी किती वर्षं नुसता माळ होती! कागद होते की सगळे.

रंकाळाकाठ: म्हणूनच नुसती यादी नको. १९६६ च्या नगररचना कायद्यात जागेवर आरक्षण टाकता येतं. तिथं तालमीच्या खोल्या लिहा. ‘सांस्कृतिक भवन’ एवढंच मोघम लिहिलं की शेवटी तिथं लग्नंच लागतात.

खाष्ट_नारायण: आरक्षणं उठवतात पण, महाराज. सभेत हात वर होतात आणि झालं.

पेठेतला: मध्ये बोलतो. आमच्या तालमीचा, कुस्तीच्याच, वरचा हॉल गणपतीचे दिवस सोडले तर संध्याकाळी मोकळाच असतो. लाईटबिल तेवढं द्या. पंखा एक चालतो, दुसरा नुसता आवाज करतो.

तालीम_सातला: भावा, खरं? चार वर्षं शोधतोय आम्ही.

खाष्ट_नारायण: बघा, आराखड्याविना झालं काम.

रंकाळाकाठ: एकाचं झालं, तेही चार वर्षांनी. पेठांत अशा तालमी किती, कुठला हॉल कधी मोकळा, एवढी यादी महापालिकेकडं असती तर पहिल्याच वर्षी झालं असतं. मी त्यालाच आराखडा म्हणतोय.

खाष्ट_नारायण: मग ती यादी करा, सल्लागाराविना. माझी सही घ्या.

तालीम_सातला: @पेठेतला, सोमवारी येऊ का? पण तिसऱ्या अंकात भांडण आहे, लई ओरडा होतो.

पेठेतला: या. खाली आखाड्यात पोरं असतात, त्यांना सांगून ठेवतो. नाहीतर सोडवायला वर येतील.