सल्ला हवा: शाश्वतता अहवालातून कंपनीच्या धोरणात कशी आणायची?

मुक्ता_नि
मध्यम आकाराच्या उत्पादन कंपनीत नियोजन बघते. मोठे ग्राहक उत्सर्जनाच्या प्रश्नावल्या पाठवू लागले आणि शाश्वततेचं काम माझ्याकडे आलं. आतापर्यंत वर्षाला एक चकचकीत अहवाल आणि वृक्षारोपण, एवढ्यावर भागत होतं. आता संचालक 'स्ट्रॅटेजी' मागतायत. सल्लागार नेमावा का? आधी काय वाचू?

कच्चं_गणित
सल्लागार नंतर, आधी मोजणी. जीएचजी प्रोटोकॉल, म्हणजे हरितगृह वायूंचं उत्सर्जन मोजायची प्रमाण पद्धत, फुकट मिळतो. त्यात उत्सर्जनाचे तीन गट आहेत. स्कोप १ म्हणजे तुमच्याच बॉयलर-गाड्यांचं इंधन, स्कोप २ विकत घेतलेली वीज, स्कोप ३ उरलेली सगळी साखळी. स्कोप ३ चे १५ प्रकार आहेत, ते सगळे पहिल्याच वर्षी अचूक भरायला बसू नका. खरेदीच्या रकमांवरून ढोबळ अंदाज काढा आणि मोठे दोन-तीन पकडा. उत्पादनात बहुधा कच्चा माल वर येतो.

जमाखर्च
मोजणी हवीच, पण तिला स्ट्रॅटेजी म्हणू नका. मी फायनान्सवाला, त्यामुळे तिरकस बोलतो: भांडवली खर्चाच्या मंजुरीत शाश्वतता दिसत नसेल तर ती कंपनीत नाहीच. नव्या मशीनच्या प्रस्तावात दर टन कार्बनला एक अंतर्गत किंमत लावा. प्रत्यक्ष पैसे कुणाला द्यायचे नसतात, फक्त तुलनेत धरायचे. 'तीन वर्षांत पैसे वसूल' अशी अट असेल तर वीज वाचवणारं महाग मशीन पहिल्याच फेरीत गळतं आणि स्वस्तातलं पुढे पंधरा-वीस वर्षं वीज खात बसतं. तिथे हात घाला.

दुसरी जागा खरेदी विभाग. खरेदीप्रमुखाचं वार्षिक मूल्यमापन निव्वळ दरकपातीवर होत असेल तर तुमची पुरवठादार आचारसंहिता ड्रॉवरमध्येच राहणार. त्यात त्याचा दोष नाही.

मुक्ता_नि
हे पटलं. आणि अहवालासाठी मानकं कुठली?

अनुराधा७
वाचणारा कोण, त्यावर ठरवा. गुंतवणूकदार आणि बँकांसाठी आयएफआरएस एस२, हे हवामानविषयक माहिती जाहीर करण्याचं मानक, जून २०२३ मध्ये आलं. कारभार, धोरण, जोखीम व्यवस्थापन, मापदंड व उद्दिष्टं हे त्याचे चार भाग टीसीएफडी या हवामान-जोखमीच्या माहितीबद्दल शिफारशी करणाऱ्या कार्यगटाकडून आलेत. बोर्डाला विचारायचे प्रश्न म्हणूनही छान चालतात. कंपनीचा जगावर काय परिणाम होतो, हे सांगायचं तर जीआरआयची अहवाल-मानकं. मुद्दे मात्र चार-पाचच निवडा. तीस मुद्द्यांचा तक्ता पाहिला की मला तर झोप येते.

मुक्ता_नि
जमाखर्च, कार्बनची किंमत किती धरू?

जमाखर्च
एकच धरू नका, आकड्यावरच वाद घालत बसतील. शून्यापासून चढवत न्या आणि कुठल्या किमतीला मशीनची निवड पलटते ते दाखवा.