रक्तातला मायक्रोआरएनए-९२ए आणि फुटलेल्या लाल पेशी
मायक्रोआरएनए-२१ आणि ९२ए (जनुकांचं काम आवरणारे छोटे आरएनए रेणू) रक्तात वाढलेले दिसले की मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठीची कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने आतड्याची तपासणी) टळते, असं काहीजण म्हणतात, ते पटत नाही. २१ तर इतर कॅन्सरमध्ये आणि साध्या सुजेतही वाढतो. ९२ए लाल पेशींतच भरपूर असतो. नमुन्यात त्या फुटल्या की आकडा खोटाच चढतो. म्हणून इंदुरातून, तेही मे महिन्यात, बाहेरच्या लॅबला अख्खं रक्त पाठवूच नका. जांभळ्या झाकणाच्या, ईडीटीए हे रक्त गोठू न देणारं रसायन असलेल्या ट्यूबमध्ये घ्या (हिरवी नको, तिच्यातलं हेपरिन पीसीआर, म्हणजे हे रेणू मोजायची चाचणी, अडवतं), दोन तासांत सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून प्लाझ्मा (रक्तातला पातळ भाग) वेगळा करा, प्लेटलेट काढायला पुन्हा एकदा जोरात फिरवा, मगच गोठवून ड्राय आइसवर.

गुलाबी प्लाझ्मा सरळ बाद. पण डोळ्याला न दिसणारं हिमोलिसिसही (लाल पेशी फुटणं) असतं, त्यासाठी २३ए आणि ४५१ए या आणखी दोन मायक्रोआरएनएंच्या सीटीतला (पीसीआरच्या कितव्या फेरीत रेणू दिसला तो आकडा) फरक बघा. तो ७ च्या वर गेला तर ९२ए चा आकडा धरू नका.