'येशूच्या नावात' म्हणताना तुमचा आवाज कसा असतो? (अनुभव धागा : खान्देश)

धागाकर्ती, नंदुरबार

सर्वांना जय ख्रिस्त. रविवारी उपासनेनंतर चहा घेताना आमच्याकडे वाद रंगला. तरुण संघातल्या एकाचं म्हणणं, "आपण अधिकाराने प्रार्थनाच करत नाही, म्हणून काही होत नाही. सैतानाला हुकूम सोडायला पाहिजे." एक वडील बशीत चहा ओतत म्हणाले, "मग पेत्राला तुरुंगात का टाकलं रे?" झालं, दोन्हीकडून वचनं निघाली.

बायबलात लूक 10 मध्ये प्रभू शिष्यांना सापविंचवांवर आणि शत्रूच्या सगळ्या शक्तीवर अधिकार देतो, हे खरंच आहे. पण लगेच पुढच्या वचनात तो सांगतो की भुतं तुम्हाला वश होतात याचा आनंद मानू नका, तुमची नावं स्वर्गात लिहिली आहेत याचा माना. पहिलं वचन लोकांच्या स्टेटसवर दिसतं, दुसरं क्वचित.

तर इथे प्रवचन नको, अनुभव लिहा. हा अधिकार घरात, कामावर, गावात कुठे कामी आला आणि कुठे कोणी त्याचा दांडपट्टा केला. 'चमत्कार झाला' एवढंच लिहून थांबू नका, काय झालं ते सांगा. पाळकांची आणि मंडळ्यांची (चर्चची) नावं नकोत. अहिराणी, मावची, पावरी, कोणतीही बोली चालेल.

निवृत्त गार्ड, भुसावळ

2022 पासून रेल्वेत आमच्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण मी गार्ड म्हणूनच उतरलो. मत्तय 8 मधला शताधिपती, म्हणजे शंभर शिपायांवरचा रोमी अधिकारी, मला नेहमी आपल्या खात्यातला वाटतो. तो प्रभूला म्हणतो, मीही दुसऱ्याच्या हाताखालचा माणूस आहे आणि माझ्याही हाताखाली शिपाई आहेत. अठ्ठावन्न वाघिणींची भरलेली मालगाडी म्हणजे पाच हजार टनांच्या आसपास वजन. ती माझ्या हिरव्या झेंड्याशिवाय निघत नसे. आता ही काय माझ्या दंडातली ताकद? तोच झेंडा घरी अंगणात हलवला तर कोंबडी बाजूला होणार नाही. ड्यूटीवर असलो, नियमात असलो, तरच त्या झेंड्याला किंमत.

एक प्रसंग सांगतो. आमच्या कॉलनीत एका क्वार्टरमध्ये आधीच्या माणसाने गळफास घेतला होता. नवं कुटुंब आलं, पण बाई आत पाऊल टाकेना. मला बोलावलं. मी गेलो, स्तोत्र 91 वाचलं, खोलीखोलीत उभा राहून साध्या आवाजात म्हणालो की प्रभू, हे घर तुझं आहे, इथे दुसऱ्या कोणाचा हक्क नाही. मग त्याच खोलीत बसून आम्ही पोहे खाल्ले. बदली होईपर्यंत ते लोक तिथेच राहिले. तिथे भूत होतं की नव्हतं हे मला विचारू नका.

शिक्षिका, धडगाव तालुका

आमच्या पाड्यावर एक लेकरू तापाने गेलं. पुढच्याच आठवड्यात दुसऱ्या घरचा बैल मेला. बडव्याने (गावच्या भगताने) दाणे पाहिले आणि बोट एका विधवेकडे दाखवलं, डाकीण. त्यानंतर काय होतं ते सातपुड्यात राहणाऱ्याला सांगायला नको. आधी बोलणं बंद, मग मार, मग गाव सोड, नाहीतर जीवच.

ती बाई आमच्या मंडळीतली नव्हती. तरी महिला संघातल्या आम्ही बायका संध्याकाळी तिच्या ओट्यावर जाऊन बसलो. मोठं काही ठरवलेलं नव्हतं. एकीने भाकरी आणल्या होत्या, एक सुपात तूर निवडत होती. अंधार पडल्यावर पुरुष आले, पिऊन, हातात काठ्या. माझे पाय लटपटत होते आणि एकही वचन आठवेना. आमच्यातली सगळ्यात म्हातारी, जिला अक्षर येत नाही, ती उठली. आवाज चढवला नाही. पावरीत म्हणाली, "हिला न्यायचं असेल तर आधी आम्हाला न्या. आणि लेकराला ताप चढला त्या रात्री त्याला खाली दवाखान्यात न्यायला कोण तयार होतं, ते सांगा." कोणी बोललं नाही. मग तिने तिथेच प्रार्थना सुरू केली. डाकिणीबद्दल नाही, सैतानाबद्दलही नाही, लेकराच्या आईबद्दल, तिचं नाव घेऊन. त्या लेकराच्या बापाने काठी भिंतीला टेकवली आणि खाली बसला.

दुसऱ्या दिवशी आम्ही पोलीस पाटलाला घेऊन बडव्याकडे गेलो. जादूटोणाविरोधी कायदा राज्यात 2013 पासून आहे. सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच ते पन्नास हजार दंड, हे त्याला नीट समजावलं. कायदा मला आधीही पाठ होता, पण आदल्या रात्री कायदा धडगावला होता आणि आम्ही ओट्यावर.

यानंतरचं जास्त महत्त्वाचं. महिन्याभराने बाहेरचा एक तरुण सुवार्तिक (येशूचा संदेश सांगत फिरणारा) आला. त्याला हे कळलं तेव्हा म्हणाला, "ताई, त्या बाईतला दुष्टात्मा आधी काढायला हवा होता." म्हणजे निदान बडव्याचंच, फक्त येशूच्या नावात. आम्ही त्याला चहा पाजला आणि तिच्या घराकडे काही नेलं नाही.

हॉस्टेलवाला, जळगाव

वरचं वाचून लिहायला लाज वाटते. मला अधिकार वगैरे आतून काही जाणवत नाही. वर्गात कोणी "तू कन्व्हर्ट का?" विचारलं की घसा कोरडा पडतो, आणि आम्ही तर आजोबांच्या आधीपासून मंडळीत आहोत. नीतिसूत्रं म्हणतं की नीतिमान सिंहासारखा धीट असतो. मग माझं काय चुकतं? धैर्य मागून मिळतं की ते स्वभावातच असावं लागतं?

धागाकर्ती, नंदुरबार

दादा, प्रेषितांची कृत्ये 4 पुन्हा वाच. पेत्र आणि योहान अशिक्षित, त्यांना धमकावून सोडलेलं. मंडळी जमते आणि धैर्य मागते. धमक्या बंद कर असं ते म्हणत नाहीत, धमक्यांकडे पाहा आणि आम्हाला बोलू दे म्हणतात. इफिसच्या पत्रात तर पौल बेड्यांत असताना विनवतो की मला धैर्याने बोलता यावं म्हणून माझ्यासाठी प्रार्थना करा. पौलाला मागावं लागत असेल तर तुझ्या कोरड्या घशाचं काय घेऊन बसलास? आणि 'कन्व्हर्ट' म्हणणाऱ्याला आजोबांचं सांगत बसायची गरज नाही.

ऊसतोडीवाली, नवापूर तालुका (भावाच्या फोनवरून)

आम्ही दिवाळीनंतर बारडोलीकडे कोयत्याला जातो. उचल (आगाऊ पैसे) मुकादमाकडून. वही त्याची, पेन त्याचं, आम्ही अंगठा देणारे. यंदा आमच्या नावावर बाकी जास्त निघाली. नवरा म्हणाला, गप राहा, पुढच्या वर्षी काम देणार नाही. मी रात्री पालात प्रार्थना केली. सकाळी सगळ्या टोळीसमोर त्याला म्हटलं, मुकादमभाऊ, वही मोठ्याने वाचा. तो हसला, "तुझ्या येशूला विचार जा." मी म्हटलं, "विचारूनच आले." सगळे हसले, तोपण हसला, पण वही उघडावी लागली. दवाखान्याला दिलेले पैसे दोनदा लिहिले होते. ते कापले.

पुढच्या हंगामाला त्याने आम्हाला सांगावा धाडला नाही. नवऱ्याचं खरं ठरलं म्हणायचं. दुसरा मुकादम शोधतोय.

अमळनेरकर, नाव नको

मी जिथे जायचे त्या मंडळीत 'अधिकार' हा शब्द दर रविवारी यायचा, आणि त्याचा अर्थ एकच, की वरच्याला काही विचारायचं नाही. इमारत निधीचा हिशेब मागितला तर "माझ्या अभिषिक्ताला (देवाने निवडलेल्याला) हात लावू नका" हे वचन तोंडावर मारलं. स्तोत्र 105 उघडून बघा, तिथे गोष्ट अब्राहाम, इसहाक, याकोब यांची आहे, परक्या देशात भटकणाऱ्या उपऱ्यांची. राजांनी त्यांना छळू नये म्हणून देव राजांना दटावतो. राजांच्या बचावासाठी ते वचन नाहीच. दाविदाने आपल्या जिवावर उठलेल्या शौल राजावर हात टाकला नाही हेही ऐकवतात. पण त्याच वेळी गुहेबाहेर उभा राहून त्याने शौलाला तोंडावर विचारलं होतं, की लोकांचं का ऐकता, मी तुमचा काही अपराध केलेला नाही.

मग एका सभेत माझ्यातला 'बंडखोरीचा आत्मा' काढायचा म्हणून डोक्यावर हात ठेवून दाबायला लागले, खाली पडावं म्हणून. मी तो हात धरून बाजूला केला आणि जागेवर जाऊन बसले. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं धैर्य तेवढंच. आता दुसरीकडे जाते. तिथे वार्षिक हिशेब नोटीसबोर्डावर लागतो.

नर्स, नंदुरबार जिल्हा

थोडक्यात लिहिते, नाइट आहे. आमच्या भागात सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) घरोघरी. थंडीत किंवा पाणी कमी प्यायलं की सांध्यांत अशा कळा येतात की पोरं किंचाळतात. एका मुलीची हायड्रॉक्सियुरियाची (या कळा कमी ठेवणारी) गोळी घरच्यांनी बंद केली होती, कारण कोणी फिरता प्रार्थना करणारा सांगून गेला की गोळी घेणं म्हणजे अविश्वास. कळा सुरू झाल्यावर आणली. सलाइन लावलं, दुखण्याचं औषध दिलं, हात धरून प्रार्थना केली. थोडी शांत झाल्यावर मी तिच्या बापासमोर त्याच माणसाच्या सुरात म्हटलं, "येशूच्या नावात ही गोळी रोज घ्यायची, आणि पाणी भरपूर प्यायचं." बाप म्हणाला, "सिस्टर, असं स्पष्ट आधी कोणी सांगितलं नाही."

आजीचं सांगणं, नातू लिहितोय, शिरपूर

आजीला धागा वाचून दाखवला. ती म्हणते, "मी काय शिकेल नही. लाइट रातले ये, मंग वावरमा पानी भराले रातलेच जानं पडे. भ्याव वाटे. मी म्हनू, येसू, तू पुढे चाल, मी मांगे येस." मी विचारलं, साप निघाला तर? ते वचन आहे ना. तर म्हणे, "काठीबी ठेवू ना हातमा!"

पाळक, धुळे

आजीबाईंना सलाम. प्रेषितांची कृत्ये 19 मध्ये स्किवाचे सात मुलगे पौलाच्या येशूचं नाव उसनं घेऊन भूत काढायला जातात, आणि मार खाऊन उघडे पळतात. यहूदाच्या पत्रात तर मीखाएल आद्यदेवदूत सैतानाशी वाद घालतानाही स्वतः शिव्याशाप देत नाही, "प्रभू तुला धमकावो" एवढंच म्हणतो. आपले काही भाऊ माइकवर सैतानाला जे ऐकवतात ते मीखाएलला जमलं नसतं.

आमच्याकडे कोणाला 'लागीर' आहे म्हणून आणलं तर आधी झोप, जेवण, घरातलं भांडण, दारू, फिट्स, बाळंतपण हे सगळं विचारतो. डॉक्टरची चिठ्ठी बघतो. प्रार्थना दोघांनी मिळून, दार उघडं, घरचं माणूस शेजारी, बाई असेल तर बाईच जवळ. मारणं, बांधणं, मिरचीची धुरी, केस ओढणं अजिबात नाही. तो गुन्हा आहे, आणि नसता तरी नाही. सुटका होते का? होते. मी पाहिली आहे. पण त्या दिवशीही प्रार्थनेनंतर पहिलं वाक्य ती मुलगी बोलली ते "भूक लागली", आणि आमच्या बायका स्वयंपाकघराकडे पळाल्या.

अक्कलकुव्याचा

माझा प्रश्न वेगळा आहे. दुष्टात्म्यांशी भांडण नाही, गावाशी आहे, आणि गाव माझंच आहे. वाघदेवाच्या पूजेला घरटी वर्गणी असते. मी कारभाऱ्याला सांगितलं, "आबा, पूजेचे पैसे मी देऊ शकत नाही. पण विहिरीचा गाळ काढायचा असेल, कोणाचं लग्न असेल, मयत असेल, तर पहिला मी." विहिरीला गेलो, मयतीलाही गेलो. कारभाऱ्याने मान्य केलं. सख्ख्या भावांनी नाही. रोग आला, पाऊस लांबला, की बोट माझ्याकडे. बापाला दोन्हीकडे जेवायला जावं लागतं, त्याचं मला वाईट वाटतं. भावांच्या पोरांनी माझ्याकडे यायचं सोडलेलं नाही, एवढं बरं आहे.

यंदा वर्गणीची बैठक माझ्याच घराजवळ आहे. आधीच जाऊन भावांशी बोलावं की कारभाऱ्यालाच बोलू द्यावं? ज्यांच्या गावात हे होऊन गेलंय त्यांनी लिहा.