स्विफ्टसाठी स्टिरिओ: मोठा पडदा की चांगला आवाज?

प्रश्न:
नमस्कार मंडळी. माझ्या २०१४ च्या स्विफ्टमधील मूळ स्टिरिओ बदलायचा असून २५,००० रुपयांपर्यंत खर्चाची तयारी आहे. नागपुरातील सदर भागातला एक दुकानदार याच रकमेत नऊ इंची अँड्रॉइड स्टिरिओ, मागचा कॅमेरा आणि चार नवे स्पीकर द्यायला तयार आहे, तर दुसऱ्याचा सल्ला असा की पायोनियर किंवा सोनीचे हेड युनिट (डॅशबोर्डमधला मुख्य स्टिरिओ) घ्यावे आणि स्पीकरचे पुढे बघावे. दोन्ही खोक्यांवर ‘५० वॅट × ४’ असेच छापलेले आहे, तेव्हा आवाजात फरक नेमका कशाने पडतो? मी प्रामुख्याने शास्त्रीय गायन आणि जुनी भावगीते ऐकतो. समृद्धी महामार्गावरून शिर्डीकडे अधूनमधून जाणे होते.

उत्तर १:
खोक्यावरचे ५० वॅट ही क्षणिक कमाल शक्ती असते, त्यावरून तुलना करू नये. गाडी चालू असताना पुरवठा सुमारे १४.४ व्होल्टचा असतो. स्टिरिओचा फ्यूज १० अँपिअरचा असेल तर आत १४४ वॅटच येणार, त्यांतलेही बरेच उष्णतेत जाणार, मग २०० वॅट सतत बाहेर कुठून पडतील? आरएमएस आकडा, म्हणजे सतत मिळणारी शक्ती, विचारावा. नामांकित युनिटांतही तो दर स्पीकरमागे साधारण १५ ते २२ वॅट असतो आणि गायनासाठी तेवढा पुरतो.

उत्तर २:
वरील उत्तराशी सहमत आहे, पण खरा फरक वॅटमध्ये नसून ध्वनिप्रक्रियेत आहे. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे उजव्या दाराचा स्पीकर त्याला जवळ आणि डावा दूर पडतो. हे अंतर अर्ध्या मीटरने कमी-जास्त असले तरी डावा आवाज सुमारे दीड मिलिसेकंद उशिरा पोहोचतो आणि गायक समोर न वाटता उजव्या कोपऱ्यात बसल्यासारखा वाटतो. ज्या युनिटमध्ये ‘टाइम अलाइनमेंट’ असते ते जवळच्या स्पीकरला तेवढेच थांबवून ठेवते. ही सोय, बहुपट्टी इक्वलायझर (निरनिराळे सूर-पट्टे कमी-जास्त करणारा) आणि हाय-पास फिल्टर (ठरावीक मर्यादेखालचे खोल सूर अडवणारा) दुकानातच सेटिंग उघडून पाहावेत, कारण मेनूत नाव असले म्हणजे ते नीट चालतेच असे नाही. फिल्टर ८० हर्ट्‌झच्या आसपास ठेवल्यास दाराचे छोटे स्पीकर खोल बासशी झुंजत नाहीत आणि तानेतील बारकावे मोकळे होतात. अनोळखी नावाच्या अँड्रॉइड युनिटबद्दल माझा आक्षेप आवाजापेक्षा उन्हाचा आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना बंद गाडीचा डॅशबोर्ड त्याहून कितीतरी अधिक तापतो, आणि स्वस्त पडदा व प्रोसेसर अशा भट्टीत किती टिकतील याची हमी दुकानदार क्वचितच लेखी देतो.

उत्तर ३:
मला मात्र दोन्ही सल्ले अर्धे वाटतात. मूळ कागदी शंकूचे स्पीकर इतक्या वर्षांत थकलेले असणार, तेव्हा हेड युनिटवर सगळी रक्कम घालून ते तसेच ठेवणे व्यर्थ आहे. ब्लूटूथ, यूएसबी आणि टाइम अलाइनमेंट असलेले, बिनपडद्याचे युनिट घ्यावे, उरलेल्या पैशांतून पुढच्या दोन दारांत चांगले कॉम्पोनंट स्पीकर (खालच्या आणि वरच्या सुरांसाठी वेगवेगळे) बसवावेत आणि दाराच्या पत्र्यावर थरथर शोषणारे डॅम्पिंगचे थर लावून घ्यावेत. समृद्धीच्या काँक्रीटवर १०० च्या पुढे टायरचा जो घरघराट येतो, त्यात मंद्र सप्तक प्रथम बुडते; डॅम्पिंगने तो पूर्ण जात नाही, पण पत्रा थरथरणे थांबते. मागच्या स्पीकरांना सध्या हात लावू नये.

प्रश्नकर्ता:
आभार. नकाशा मोबाइलवर पाहता येतो, म्हणून पडद्याचा हट्ट सोडतो. पण दुकानदार ४ व्होल्टच्या प्री-आउटचे (बाहेरच्या अ‍ॅम्प्लिफायरकडे जाणाऱ्या जोडणीचे) कौतुक करतो, ते घ्यावे का?

उत्तर २:
बाहेरचा अ‍ॅम्प्लिफायर लावणार असाल तरच. तेव्हा जास्त व्होल्टमुळे लांब तारेत शिरणारी खरखर कमी ऐकू येते. अ‍ॅम्प्लिफायर नसेल तर त्या जोडण्या रिकाम्याच राहतील. त्यापेक्षा स्विफ्टसाठीचा फॅसिया (स्टिरिओभोवतीची चौकट) आणि सॉकेट-टू-सॉकेट कपलर (मूळ सॉकेटमध्येच बसणारी जोडणी) यांचा आग्रह धरावा, मूळ तारा कापू देऊ नयेत, आणि हे सर्व कोटेशनवर लिहून घ्यावे.